माजी विद्यार्थ्यांची यादी आणि तिची मोजपट्टी

कोणत्याही जुन्या शाळेची स्मरणिका उघडली की आरंभीच्या पानांतच एक यादी आढळते. आपल्या शाळेतून शिकून गेलेले किती जण आमदार झाले, किती खासदार झाले, मंत्रिपदापर्यंत कोण पोचले, याचा तो अभिमानाने केलेला उल्लेख असतो. यादी जितकी लांब तितकी शाळा थोर, असे त्यामागचे गणित. आमच्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेतही अशी यादी असावी, अशी सूचना अनेकांनी केली. ती स्वाभाविक आहे. ज्यांच्या आजोबांना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसता येत नव्हते, त्यांची नातवंडे आज त्याच कार्यालयात सरपंचाच्या खुर्चीवर बसतात, ही गोष्ट लहान नाही. तथापि यादी छापण्यापूर्वी तिची मोजपट्टी कोणती, हे ठरवले पाहिजे, असे आम्हांस वाटते. या प्रश्नाला इतिहासाने एक मार्मिक उत्तर देऊन ठेवले आहे.

महाराष्ट्रातील जुन्या इंग्रजी शाळांमध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचे स्थान अग्रभागी आहे. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1827 मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीतून उभ्या राहिलेल्या संस्थेची ही शाखा. 1856 मध्ये शाळा आणि महाविद्यालय वेगळे झाले. या शाळेतून सार्वजनिक जीवनात गेलेल्यांपैकी दोन नावे आम्ही येथे घेतो. पहिले काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि दुसरे भीमराव रामजी आंबेडकर. एकाच शाळेच्या यादीत ही दोन्ही नावे शेजारी शेजारी छापता येतील. पण त्यांचे राजकारण शेजारी बसवता येईल काय?

तेलंग 1859 मध्ये या शाळेत दाखल झाले. त्यांच्या विद्वत्तेविषयी दुमत नाही. 1882 च्या हंटर शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते, 1885 मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, 1889 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला, हेही न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. याच तेलंगांनी 1886 मध्ये मुंबईत एक गाजलेले व्याख्यान दिले. राजकीय सुधारणेच्या आधी सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे काय, हा त्याचा विषय होता. जिथे विरोध कमी तिथून वाट काढावी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. घरातला विरोध मोठा, सरकारशी होणारा वाद त्या मानाने सोपा. म्हणून राजकीय सुधारणा थांबवून ठेवू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद कोणाला पटण्याजोगा होता, हे समजण्यासाठी आणखी थोडे मागे गेले पाहिजे. ज्या 1856 साली एल्फिन्स्टनची शाळा स्वतंत्र झाली, त्याच साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाला दार बंद झाले. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. अन्याय होत आहे हे सरकारला कळत होते. पण एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडून जातील, या भयाने सरकारने हात आखडला. 1858 मध्ये सरकारने जाहीर केले की, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. कागदावर दार उघडले, वर्गात मात्र ते बंदच राहिले. 19 ऑक्टोबर 1882 रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली ती याच कारणाने. आयोगात तेलंग बसले होते आणि आयोगापुढे फुले उभे होते. दोघेही शिकलेले, दोघेही लोकहिताची चिंता वाहणारे. पण विरोध कमी असलेली वाट शूद्रातिशूद्रांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

बाबासाहेब या शाळेत पोचले तेव्हा विसावे शतक सुरू झाले होते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. मुंबईत आल्यावर ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकू लागले. शाळा सरकारी, नावाजलेली, राजधानीच्या शहरातली. तरीही एकदा शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यासाठी फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाटतील म्हणून वर्गातील मुलांनी धाव घेतली. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. 1907 मध्ये ते 750 पैकी 282 गुण मिळवून मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. आमच्या दृष्टीने त्या शाळेच्या काळातील सर्वांत मोलाचे पाठ्यपुस्तक ते हेच. आणि ते शाळेने दिलेले नव्हते.

तेलंगांच्या व्याख्यानानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, 1936 मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी एक भाषण लिहिले. ते देऊ दिले गेले नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापले. जातिव्यवस्थेच्या निर्मूलनाचा हा प्रबंध आरंभी त्याच प्रश्नाला हात घालतो: आधी समाज की आधी राज्य? बाबासाहेबांचे उत्तर निःसंदिग्ध आहे. आपल्याच देशबांधवांना सार्वजनिक विहीर, रस्ता आणि शाळा नाकारणारा समाज राजकीय सत्तेला पात्र आहे काय, असे त्यांनी उलट विचारले. शाळा एक, प्रश्न एक, उत्तरे मात्र परस्परविरुद्ध. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की, विद्यार्थ्याचे राजकारण केवळ शाळेच्या नावाने घडत नाही. वर्गात त्याला कोठे बसवले गेले आणि त्या जागेचे त्याला पुढे किती स्मरण राहिले, यावर ते घडते.

पद मिळाल्याने ती जागा बदलते काय, याचा पुरावा आमच्या खान्देशातच आहे. 1929 मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब धुळ्याच्या बाजूस आले होते. बहिष्काराचे प्रकरण पाहून परतताना ते चाळीसगावी उतरले. तोवर ते बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या त्यांच्यापाशी होत्या. तरीही त्यांना महारवाड्यात नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. वस्तीतल्याच एका अननुभवी माणसाने लगाम धरला. नदीवरच्या पुलापाशी टांगा उलटला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले. विधिमंडळाची खुर्ची त्यांना चाळीसगावच्या टांग्यातली सुरक्षित जागा देऊ शकली नाही. म्हणूनच त्यांच्या राजकारणाची दिशा खुर्चीकडून वस्तीकडे राहिली. 31 जुलै 1937 रोजी न्यायालयीन कामासाठी ते धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी त्या तारखेला हजारो पावले तिकडे वळतात, ती या स्मरणानेच.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलतराव गुलाजी जाधव पूर्व खान्देशातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. बेळगाव भागातून बळवंतराव वराळे गेले. वराळे यांचे नाव आमच्यासारख्या संस्थेने विशेष लक्षात ठेवावे, कारण बाबासाहेबांनी धारवाडला काढलेल्या विद्यार्थी वसतिगृहाचा भार त्यांनी वाहिला होता. ज्या धारवाडात 1856 मध्ये एका मुलाला शाळेचे दार बंद झाले, त्याच धारवाडात सात दशकांनंतर त्याच्या समाजातील मुलांसाठी निवास उभा राहिला, आणि तो सांभाळणारा माणूस कायदेमंडळात पोचला. वसतिगृहात पीठ किती लागते, कोणाच्या अंगावर पांघरूण नाही, फी न भरल्याने कोणाचे नाव कमी होईल, हे ठाऊक असलेला माणूस अंदाजपत्रक वाचतो तेव्हा त्याला आकड्यांमागची मुले दिसतात. आम्ही अशा राजकारणाला शाळेचे यश म्हणू.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, राजकारण म्हणजे चिखल. मुलांना त्यापासून दूर ठेवावे. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. ज्यांच्यापाशी जमीन नाही, भांडवल नाही, त्यांच्यापाशी मत आणि संघटना एवढेच आहे. तेही सोडून द्या असे सांगणे म्हणजे दुसऱ्यांच्या राजकारणाला मुकाट मान्यता देणे होय. जळगावच्या आर. आर. विद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील 1962 मध्ये आमदार झाल्या आणि 2007 मध्ये राष्ट्रपतिपदावर पोचल्या. जिल्ह्याच्या गावातील शाळेतून तेथवर वाट जाते, हे आमच्या मुलींना ठाऊक असलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप व्यवहारी मंडळींचा. ते म्हणतात, माजी विद्यार्थी सत्तेवर असला की शाळेला खोली मिळते, बोअर मिळते, रस्ता होतो. मग त्याला प्रश्न विचारून दुखवायचे कशाला? खोली आणि पाणी यांची गरज आम्ही नाकारत नाही. पण सार्वजनिक पैशातून आलेली खोली ही कोणाची कृपा नव्हे, तो मुलांचा हक्क आहे. कृपा म्हणून ती स्वीकारली की शाळेची मान कायमची खाली जाते आणि मुले हात जोडायला शिकतात. मान ताठ ठेवून बोलायला शिकवण्यासाठी तर ही शाळा काढली गेली.

राखीव जागांचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारानंतर आपला प्रतिनिधी सर्वांच्या मतांवर निवडून येऊ लागला, आणि तो कोणाला उत्तरदायी, हा पेच तेव्हापासून कायम आहे. 1993 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने गावोगावी आपल्या वस्तीतील स्त्री-पुरुष पंचायतीत आले. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ही संधी लाभली. परंतु सही सरपंचबाईंची आणि निर्णय दुसऱ्याचा, किंवा जागा राखीव आणि शब्द मात्र वाड्यावरचा, असे चित्र कितीदा दिसते, हे खान्देशातील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. शिकलेल्यांनी आपल्याला निराश केले, ही व्यथा बाबासाहेबांनी 18 मार्च 1956 रोजी आग्र्यात बोलून दाखवली. ते शब्द नोकरदारांना उद्देशून होते असे म्हणून पदाधिकाऱ्यांना सुटता येणार नाही, आणि आम्हां शिक्षकांनाही नाही.

म्हणून आमची सूचना अशी. यादी अवश्य छापावी, पण प्रत्येक नावापुढे पदाऐवजी कामाचा तपशील असावा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीची 15 टक्के रक्कम आपल्या कारकिर्दीत कशावर खर्च झाली? वस्तीच्या विकासाचा निधी वस्तीत पोचला की वेशीवरच्या कमानीत संपला? शिष्यवृत्ती रखडली तेव्हा आपण कोणत्या कार्यालयात गेलो? गावात बहिष्काराचा किंवा अत्याचाराचा प्रसंग आला तेव्हा आपण फिर्यादीच्या बाजूला उभे होतो की समझोता करणाऱ्यांच्या? ज्यांच्यापाशी याची उत्तरे आहेत, त्यांचे नाव साध्या ग्रामपंचायत सदस्याचे असले तरी पहिल्या पानावर यावे.

दुसरी सूचना स्नेहसंमेलनाविषयी आहे. पदावरील माजी विद्यार्थ्यांना व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ देण्याची प्रथा थांबवावी. वर्षातून एक दिवस त्यांनी मुलांसमोर, मुलांच्याच पंगतीला बसावे, दुपारी एक तास नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. प्रश्न मुलांनी स्वतः लिहावेत. शिक्षकांनी ते गाळू नयेत. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले, ग्रंथात आले, गुरूने सांगितले म्हणून काहीही मानू नका. स्वतः पारखून घ्या. आमच्या मुलांनी ही पारख प्रथम आपल्याच माणसांवर करावी, यात त्या माणसांचाही सन्मान आहे.

पुढील स्मरणिका निघेल तेव्हा यादी कदाचित आखूड असेल. आम्हांस त्याची खंत वाटणार नाही. फळ्यापाशी जाणाऱ्या मुलाला पाहून डबे उचलणाऱ्या वर्गाला ज्यांनी बदलले, अशांची चार नावे तिच्यात असली तरी ती पुरेशी लांब आहे, असे आम्ही मानू.