गाळ मोजला, पाणी कोण मोजणार?

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी विभागात माझं नाव येणार हे कळल्यावर आमच्या विंगमध्ये हशा पिकला होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात. मुद्द्याच्या चुका मात्र माझ्या!

तर गोष्ट एका बाटलीपासून सुरू होते. मे महिन्यात मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही तिघीजणी मरोळला मिठी नदीवर गेलो होतो. (हो, नदीच. रिक्षावाल्याला मात्र 'नाला' म्हटल्यावरच कळलं.) पोकलेन पात्रात उतरलं होतं, गाळ उपसणं चालू होतं. पोकलेनच्या वरच्या अंगाला एक बाटली भरली, खालच्या अंगाला दुसरी. वरचं पाणी मळकट होतं, खालचं म्हणजे पातळ डांबर! ती दुसरी बाटली मी हॉस्टेलच्या खिडकीत ठेवली. तीन दिवस झाले तरी निवळली नाही. चौथ्या दिवशी रूममेटने वासाला कंटाळून ती फेकून दिली आणि आमचा प्रयोग संपला.

ती का निवळली नाही याचं उत्तर सेकंड इयरच्या पुस्तकात आहे. स्टोक्सचा नियम लावून बघा. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली बसायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दोन मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तेवढंच अंतर जायला तीन दिवसांहून जास्त लागतात, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. म्हणजे पोकलेनने ढवळलेली वाळू तिथेच बसते, बारीक गाळ मात्र प्रवासाला निघतो. आजी पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायची ती याचसाठी. नदीत कोण फिरवणार?

आता तुम्ही म्हणाल, मिठीचं पाणी गढूळ झालं तर बिघडलं काय? एका सरांनी तर आम्हाला तोंडावरच विचारलं, "नाल्याचं पाणी घाण आहे हे सिद्ध करायला लॅब कशाला हवी?" तेव्हा उत्तर सुचलं नाही (व्हायवाला कधी सुचतं?). म्हणून हा लेख.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सालमन माशांसाठी नद्या दुरुस्त करतात. सालमनची मादी नदीतल्या खडी-गोट्यांत खळगा करून अंडी घालते. गोट्यांच्या फटींतून पाणी खेळतं, त्यातून अंड्यांना ऑक्सिजन मिळतो. त्या फटींत बारीक गाळ बसला की अंडी गुदमरलीच. गंमत अशी की नदी सुधारण्याचं कामच नदी गढूळ करतं. म्हणून तिथे नियम आहे: मूळ पाण्याचा गढूळपणा ५० एनटीयूपर्यंत असेल, तर कामामुळे त्यात ५ एनटीयूपेक्षा जास्त भर पडता कामा नये. मोजायचं कसं? कामाच्या वर एकदा आणि खाली एकदा. आमच्या दोन बाटल्यांसारखंच! काम करायचं तेवढा तुकडा वाळूच्या पोत्यांनी अडवतात, नदीचं पाणी पाइपमधून बाजूने नेतात, आतलं गढूळ पाणी पंपाने बाहेर काढून निवळू देतात. शेवटी पाणी परत सोडतात तेही थोडं थोडं, कारण पहिला लोंढा सगळ्यात घाण असतो.

तिथल्याच एल्व्हा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली. मागे सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ साठलेला होता. तो काही पडदा लावून अडत नाही. नदी गढूळ होणार हे मान्य करूनच त्यांनी काम केलं. धरण टप्प्याटप्प्याने उतरवलं आणि मासे वर चढण्याच्या दिवसांत काम चक्क थांबवलं.

आपल्याकडे सालमन नाही. हॉटेलात 'इंडियन सालमन' म्हणून मिळतो तो आपला रावस, त्याचा सालमनशी काही संबंध नाही. (हे मला अठराव्या वर्षी कळलं, वेसावा कोळीवाड्यातल्या मैत्रिणीकडून. त्यांच्या घरात अजून हसतात.) पण पहिल्या पावसात नदीतून वर चढणारे मासे कोकणातल्या कोणालाही विचारा. वळगणीचे मासे म्हणजे आपला सालमनच की!

मिठीत ते उरले नाहीत हे मान्य. पण मिठी मरोळला संपत नाही. विहार आणि पवईच्या सांडव्यापासून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीत जाते. तिथे तिवरं आहेत, बोई आहे, चिंबोऱ्या, निवट्या आहेत. वर ढवळलेला काळा गाळ पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन खातो. तळाशी गप्प बसलेले जड धातूही पुन्हा पाण्यात येतात. मैत्रिणीचे काका त्यांच्या वेसाव्याच्या खाडीबद्दल म्हणाले ते लक्षात राहिलं: "आता जाळं काढलं की आधी गाळ धुवायचा, मग त्यात मासा शोधायचा."

गैरसमज नको. गाळ काढू नका असं मी म्हणत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी आईच्या पोटात होते आणि आई कंबरभर पाण्यातून साकीनाक्याहून घरी आली होती. गाळ काढायलाच हवा. पण या सगळ्या कामात मोजतात ते फक्त टन. वजनकाटा, गाड्यांच्या फेऱ्या, फोटो... २०२५ मध्ये तर व्हिडिओ तपासायला एआयसुद्धा आणलं. त्याच वर्षी मे महिन्यात मिठीच्या गाळकामात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. म्हणजे टनांचाही भरवसा नाही! आणि काठावर सुकायला टाकलेला गाळ वेळेत उचलला नाही, तर जूनच्या पहिल्या सरीबरोबर पुन्हा पात्रात. मग मोजला काय नि न मोजला काय.

माझं म्हणणं एवढंच आहे की टेंडरमध्ये एक ओळ वाढवा. कामाच्या वर आणि खाली, रोज, गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजा आणि आकडे लोकांना दाखवा. फरक फार वाढला तर त्या दिवशी पोकलेन थांबवा, तुकडा अडवून काम करा. खालच्या भागात भरती-ओहोटी आहे, तिथे हे जमणं अवघड, मला ठाऊक आहे. उधाणाच्या भरतीपुढे पोती काय टिकणार? पण आरेपासून मरोळपर्यंत तर जमेल! उन्हाळ्यात तिथे पाणी असतं किती? ५ एनटीयूचा हट्टही नको, मिठीत तो हास्यास्पद ठरेल. आपला आकडा आपण ठरवू. पण ठरवायला आधी मोजलेलं तरी हवं ना?

येत्या मेमध्ये आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी रोज, पंधरा दिवस. टर्बिडिटी मीटर आपल्या एन्व्हायर्नमेंट लॅबमध्ये आहे, फक्त कपाटाची किल्ली सुट्टीत कोणाकडे असते ते कळत नाही. स्टाफपैकी कोणाला ठाऊक असेल तर कृपया कळवावं. आणि बाटल्या या वेळी रूमवर ठेवणार नाही, रूममेटला तसा शब्द दिलाय.