गाडी टायर खाते, पगार ड्रायव्हरचा कापतात

गेले दोन वीकेंड इथे काही टाकलं नाही. रिलीज होतं, त्यामुळे शनिवार-रविवार ऑफिसातच गेले. असो. आज लिहितोय ते टायरबद्दल. हसू नका, मी चिडलेलो आहे, आणि थोडा स्वतःवरच.

माझा मोठा चुलतभाऊ नारायणगावजवळ राहतो. त्याची एक पिकअप आहे. हंगामात टोमॅटोचे वीस-वीस किलोचे क्रेट भरून ती रात्री गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येते आणि सकाळी रिकामी परत जाते. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. चालवायला एक पोरगा आहे, बावीस-तेवीसचा. पावसाळ्यानंतर दादाचा फोन आला, "अरे, गाडी टायर खातीय. पुढचे दोन्ही गेले, आतल्या बाजूनं पार टक्कल." मी मीटिंगमधून बाहेर येऊन जे उत्तर दिलं, तेच तुम्हीही दिलं असतं.

"अलाइनमेंट करून घे."

त्याने घेतली. नवे टायर टाकले. चार महिन्यांत आतली कड पुन्हा गुळगुळीत. पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टायरवाला म्हणाला, "मशीन ओके दाखवतंय, म्हणजे तुमचा ड्रायव्हर गाडी खड्ड्यात घालतो." झालं! दोन टायरचे चौदा हजार त्या पोराच्या पगारातून, महिन्याला दोन हजार या हिशोबाने कापायचं ठरलं. मला हे दिवाळीत गावी गेल्यावर कळलं, तोवर त्याचे सहा हजार गेले होते.

आता माझं भांडण सांगतो. अलाइनमेंट हा आपल्याकडे तापावरच्या गोळीसारखा प्रकार झालाय. टायर झिजला? अलाइनमेंट. गाडी ओढते? अलाइनमेंट. स्टिअरिंग थरथरतं? अलाइनमेंट, आणि सोबत बॅलन्सिंग. टायरकडे बघायचं मात्र कुणालाच सुचत नाही. टायर म्हणजे गाडीने स्वतःच्या हाताने लिहिलेला लॉग आहे हो! आपण ऑफिसात लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करणाऱ्याला काय काय बोलतो? मग इथे काय होतं?

आणि हा लॉग काही फार अवघड भाषेत नसतो. मधली नक्षी गेली आणि कडा शाबूत, तर हवा जास्त. दोन्ही कडा गेल्या आणि मधला भाग चांगला, तर हवा कमी किंवा माल जास्त. (पिकअपमध्ये बहुतेक दोन्ही एकदम. पंपावरचा पोरगा "किती?" विचारतो आणि चारही चाकांत एकच आकडा मारतो. पुढचा आकडा वेगळा, भरल्या गाडीचा मागचा वेगळा, हे दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते कोण वाचतो? शिवाय पन्नास-साठ किलोमीटर पळून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती "जास्त झाली" म्हणून काढून टाकणारे महाभाग वेगळेच.) टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडलेले दिसले, तर शॉकअप बघा, बॅलन्सिंग बघा. नक्षीवर तळहात आडवा फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकं सरळ पळत नाहीयेत, तिरकी घासत चालली आहेत. यालाच टो बिघडला म्हणतात.

हा टो म्हणजे किती क्षुल्लक वाटणारी गोष्ट असते, त्याचा मी रविवारी हिशोब मांडला. चाक फक्त अर्धा अंश तिरकं असेल, तर एका किलोमीटरमागे ते साधारण पावणेनऊ मीटर आडवं जायला बघतं. दादाच्या गाडीच्या दीडशे किलोमीटरला तेराशे मीटर. रबर लवचीक असतं, त्यामुळे हे सगळं अंतर काही घासटत जात नाही, मान्य. पण चाकं बाहेर फाकलेली असतील तर जी काही झीज होते, ती आतल्या कडेलाच जास्त होते.

आता दादाच्या गाडीकडे बघा. दोन्ही पुढचे टायर, दोन्हींची आतली कड, झीज जवळपास सारखी. "ड्रायव्हर खड्ड्यात घालतो" या निदानाला इथेच भोक पडायला हवं होतं. खड्ड्याने एका बाजूचा आर्म किंवा नकल वाकला, तर कँबर त्या बाजूचा बिघडतो, आणि टायर मुख्यतः त्याच बाजूचा जातो. दोन्ही सारखे जातात तेव्हा आधी टो बघायचा. टो बिघडायला एका बाजूचा जॉइंट गेला तरी पुरतो, कारण ड्रायव्हर स्टिअरिंग धरून गाडी सरळ ठेवतो आणि डावीकडची चूक उजवीकडेही वाटली जाते.

पण मशीन तर ओके म्हणत होतं! तिथेच तर सगळी गंमत आहे. दिवाळीत आम्ही गाडी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांच्याकडे रंगीत स्क्रीन नाही, प्रिंटआउट नाही. त्यांनी पुढचा भाग जॅकवर घेतला, चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवलं. टक्. पुन्हा हलवलं. टक्. मग मला म्हणाले, "साहेब, हात लावा हितं." टाय रॉड एंडमध्ये चांगलाच प्ले होता. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, म्हणजे बॉल जॉइंट आणि बेअरिंग. तिथे काही नव्हतं. सगळं मिळून पाच मिनिटं.

गाडी उभी असते तेव्हा तो प्ले कुठेतरी निवांत बसलेला असतो, आणि मशीन त्याच अवस्थेत आकडे घेतं. गाडी धावू लागली, ब्रेक लागला, की रस्ता चाकांना मागे ढकलतो आणि जॉइंटमध्ये जेवढी ढिलाई असेल तेवढी चाकं बाहेर फाकतात. म्हणजे आपलं "माझ्या मशीनवर तर चालतंय" हेच ते! मशीनचा काही दोष नाही. अलाइनमेंटच्या आधी प्ले तपासायचा, हे त्या कामाचं पहिलं पाऊल आहे. पण ते करायला गाडीखाली वाकावं लागतं, आणि त्याची पावती निघत नाही.

त्याहून वाईट एक गोष्ट केली होती. दुसऱ्या वेळी दुकानात टायर "रोटेट" करून दिले, पुढचे मागे आणि मागचे पुढे. रोटेशन चांगलंच असतं, पण झीज बघून, लिहून ठेवून मग. नाहीतर तो पुरावा पुसण्याचा प्रकार होतो. मागे गेलेला टायर बघून तिसऱ्या माणसाने मागच्या अॅक्सलचं निदान केलं असतं, आणि ते चुकलंच असतं. (मागची झीज खरंच एकाच बाजूची असेल, तर पाट्यांचे यू-बोल्ट ढिले आहेत का, सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकलाय का ते बघायचं. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजलं तरी अंदाज येतो.)

कुणी म्हणेल, जॉइंट खराब रस्त्यानेच गेला ना? असेल. आमच्याकडचे आतले रस्ते बघितलेत तर कोणताही जॉइंट टिकेल असं वाटणार नाही. पण तो रस्ता त्या पोराने बांधलेला नाही, आणि त्यावर भरून गाडी घालायला त्याला दादानेच सांगितलेलं असतं. आतली कड बाहेरून दिसत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून बघावी लागते. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. बाहेरून नवाकोरा दिसणारा तो टायर आतून टकला होता, आणि त्यावर क्रेट लादून रात्री दोनला गाडी हायवेला पळत होती. टायर फुटला असता तर स्टिअरिंगमागे तोच पोरगा होता.

टाय रॉड एंड बदलला, मग अलाइनमेंट केली (आता करायलाच हवी होती). त्याला पाच महिने झाले. परवा दादाने आतल्या कडेचे फोटो पाठवले, नक्षी शाबूत आहे. पगारातली कपात थांबलीय. कापलेल्या सहा हजारांचा विषय काढला की मात्र दादा म्हणतो, "बघू, हंगाम झाल्यावर." तीन हजार मी आज पाठवलेत, कारण फोनवर निदान करणारा पहिला शहाणा मीच होतो. उरलेल्या तीनसाठी उद्या सकाळी पुन्हा फोन लावतोय.