ताटातला मनू

होळीला बाहेरगावचे कोरकू मजूर धारणीकडे परततात. बोकड कापला जातो. पंगतीत एखादा म्हणतो, "मी मटण खात नाही." लगेच आपलेच पोट्टे ओरडतात, "बामन झाला काय बे?"

थांबा, दोस्तांनो! १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू सोडायची आहे, मटण सोडायचं नाही. म्हणजे मटणाचा फैसला ज्याचा त्याचा. त्याला डाळ-भाकर वाढा, त्याच पंगतीत.

पण तो वेगळी पंगत मागेल, शेजाऱ्याच्या ताटाकडं पाहून नाक मुरडेल, तर तो शाकाहार नाही, सोवळं आहे. लाथाडा ते सोवळं! २०१५ साली सरकारनं बैलाचं मांसही बंद केलं. तेही हेच सोवळं, कायद्याच्या कपड्यात. दुसऱ्याच्या ताटात मटण कोंबणारा काय, ताटातलं हिसकणारा काय, दोघंही मनूचीच औलाद!