स्वस्त प्रवासाचा हिशेब

पाठीवर एक पिशवी, खिशात मोजके पैसे आणि मनात भरपूर कुतूहल एवढ्या भांडवलावर इजिप्त, जॉर्डन यांसारखे शेजारी-शेजारी असलेले अरब देश पाहून यावेत, ही ओढ अलीकडे मराठी तरुणांतही दिसू लागली आहे. प्रवासी कंपनीच्या गाडीत बसून, परमुलखातही पुरणपोळी मागणाऱ्या मध्यमवर्गीय सहलीपेक्षा हा प्रवास निश्चितच वरच्या दर्जाचा आहे. अकोल्याच्या किंवा जामखेडच्या तरुणाने कैरोतील गर्दीच्या बसमध्ये उभे राहून जावे, तिथल्या कामगाराच्या शेजारी बसून फूल आणि भाकरी खावी, यात समाजवाद्यांनी नाक मुरडण्यासारखे काही नाही. ज्या समाजाने दिंडीबरोबर पायी चालत, वाटेवरच्या गावांच्या आतिथ्यावर शेकडो वर्षे प्रवास केला, त्याला कमी पैशांत हिंडण्याचे अप्रूप वाटण्याचेही कारण नाही.

तथापि परतलेल्या प्रवाशाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘तो देश फार स्वस्त आहे.’ हा स्वस्तपणा कोठून आला, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

इजिप्तचेच उदाहरण घ्यावे. 6 मार्च 2024 रोजी तेथील मध्यवर्ती बँकेने पौंडाचा विनिमय दर बाजारावर सोडला. तोवर एका डॉलरला सुमारे 31 पौंड मिळत होते. ते एका दिवसात 50 च्या जवळपास गेले. बाहेरून आलेल्या प्रवाशाचा खिसा काहीही न करता फुगला आणि पौंडात पगार घेणाऱ्या शिक्षकाचा, हमालाचा खिसा काहीही न करता रिकामा झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 1 जून 2024 पासून, शिधापत्रिकेवरील भाकरीची किंमत 5 पियास्तरांवरून 20 पियास्तर करण्यात आली. तीन दशकांहून अधिक काळ जी किंमत हलली नव्हती, ती एकदम चौपट झाली. 1977 च्या जानेवारीत अनुदान कपातीविरुद्ध तिथली जनता रस्त्यावर उतरली होती आणि सादात यांच्या सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला होता. या वेळी तसे घडले नाही. प्रवाशाच्या वहीत मात्र त्या वर्षाची नोंद ‘स्वस्ताई’ अशीच झाली.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील वाचकाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. 8 डिसेंबर 2023 पासून 4 मे 2024 पर्यंत केंद्र सरकारने कांद्याची निर्यात रोखली. शहरात कांदा स्वस्त झाला म्हणून समाधान व्यक्त झाले आणि घोडेगावच्या बाजारात गाडी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याने त्या समाधानाची किंमत मोजली. विशेष हे की, इजिप्तच्या सरकारनेही ऑक्टोबर 2023 पासून आपल्या शेतकऱ्यांच्या कांद्याला बंदर बंद केले होते आणि ती बंदी पुढच्या मार्चअखेरपर्यंत चालली. नेवाशाचा आणि नाईलकाठचा शेतकरी एकाच हंगामात, एकाच युक्तीने नाडला गेला. पिशवी घेऊन फिरणाऱ्या नगरच्या तरुणाला हे तिथे कळले, तर त्याच्या प्रवासाचे सार्थक झाले म्हणावे.

स्वस्ताई दोन प्रकारची असते. एक दुबळ्याच्या श्रमातून पिळून काढलेली. दुसरी समाजाने उघडपणे, सर्वांच्या संमतीने, सरकारी तिजोरीतून भरलेली. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, ती या दुसऱ्या प्रकारची होती. मार्च 2023 मध्ये महिलांना एस.टी.त निम्मे भाडे लागू झाले, तेही याच प्रकारातले. अरब देशांतही याची उदाहरणे आहेत. इजिप्त, जॉर्डन आणि इराक या तीन सरकारांनी 1985 साली एकत्र येऊन अरब ब्रिज ही नौका कंपनी काढली. तिच्या बोटी न्वैबा आणि अकाबा या बंदरांदरम्यान तांबड्या समुद्रावर चालत आल्या आहेत आणि त्यांवर पर्यटकापेक्षा कामासाठी जाणारा इजिप्शियन मजूरच महत्त्वाचा प्रवासी ठरला आहे. जॉर्डनमधील पेट्रा पाहण्यास परदेशी पाहुण्याला एका दिवसाचे तिकीट 50 दिनारांचे आणि तिथल्या नागरिकाला एका दिनाराचे. याबद्दल प्रवासी कुरकुरतात. वास्तविक ज्यांच्या पूर्वजांनी तो डोंगर कोरला, त्यांच्या मुलांना तो परवडावा, ही व्यवस्था न्याय्यच आहे.

आता प्रवासाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. दहावी उत्तीर्ण नसलेला भारतीय अरब देशांपैकी बहुतेकांत नोकरीसाठी निघाला, तर त्याला सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. तिथे पोहोचल्यावर कफाला पद्धतीने त्याचा राहण्याचा हक्क मालकाच्या नावाशी बांधला जात आला आहे. कतारने 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या संमतीची अट काढून टाकली. अन्यत्रही नियम काहीसे सैल झाले. पण कामगाराचे पारपत्र कपाटात ठेवून घेण्याची मालकांची सवय कायद्याने मना असूनही सहज सुटलेली नाही. एकाच्या पारपत्रावर शिक्के वाढत जातात, दुसऱ्याला ते हातातही मिळत नाही. दोघेही एकाच विमानाने गेलेले असतात.

तेव्हा तरुणांनी जाऊ नये काय? अवश्य जावे. मुलींनीही जावे. फक्त टॅक्सीवाल्याशी दोन पौंडांसाठी हुज्जत घालून ती बचत मित्रांत मिरवू नये. ज्या खोलीत मुक्काम केला, ती झाडणाऱ्या माणसाचा देश कोणता आणि पगार किती, हे विचारावे. शक्य तिथे सार्वजनिक बस आणि बोट वापरावी. आणि परत आल्यावर गावच्या एस.टी.ची फेरी बंद होत असेल, तर आगारासमोर निवेदन घेऊन जाणाऱ्यांत उभे राहावे. परमुलखात ज्या बसमुळे त्याचा प्रवास परवडला, तशीच बस इथे शाळेला जाणाऱ्या मुलीला हवी आहे.