युद्धाचें सावट आणि आमचा फर्निचरचा धंदा

लढाई म्हटली कीं लोकांच्या डोळ्यांपुढें तोफा, विमानें आणि सीमेवरील शिपाई उभे राहतात. सुताराचा रंधा कोणाच्याही डोळ्यांपुढें येत नाहीं. परंतु मुलाला बसावयास बांक, आजाऱ्याला निजावयास खाट आणि बेघर झालेल्या कुटुंबास चार भांडीं ठेवावयास फळी, एवढें जें राष्ट्र लढाईच्या दिवसांतही आपल्या लोकांस पुरवूं शकतें, तेंच राष्ट्र लढाईंत टिकतें. ज्याला हें साधत नाहीं त्याला रणांगणावर जय मिळूनही घरांत पराजय सोसावा लागतो.

तुर्भ्याच्या वाचकांस हें पटविण्यासाठीं फार लांब जावयास नको. हें गांव एका अंगानें न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवर आणि दुसऱ्या अंगानें मुंबईच्या तोंडाशीं आहे. येथें घाऊक बाजार आहे, औद्योगिक वसाहत आहे, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कांहीं बिनसलें कीं त्याचा धक्का येथील गाळ्यांत पोंचतो. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर चाल केली आणि थोड्याच आठवड्यांत युरोपीय संघानें रशियन लांकडाची आयात बंद केली. पुढें २०२३ च्या नोव्हेंबरांत तांबड्या समुद्रांत व्यापारी जहाजांवर हल्ले होऊं लागले. पुष्कळ जहाजें सुवेझचा कालवा सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालूं लागलीं. प्रवासाचे दिवस वाढले, भाडें वाढलें, विमा वाढला. या दोन्ही लढाया परक्यांच्या होत्या. तरीही परदेशी फळ्या, बिजागऱ्या किंवा यंत्रांचे सुटे भाग यांची वाट पाहणाऱ्या कारखानदाराला त्यांची झळ लागल्यावांचून राहत नाहीं. अशा वेळीं व्यापारी म्हणतो, "माझा नाइलाज आहे". गिऱ्हाईक म्हणतें, "ही उघड लूट आहे". आणि सुतार कांहींच बोलत नाहीं, कारण त्याच्या हातांत कामच नसतें. यांपैकीं कोण खरा, हा वाद आम्हांस आज घालावयाचा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, धंदा लढाईंत कसा वागेल हें लढाईच्या आधींच्या शांततेंत ठरलेलें असतें.

याचा पुरावा मुंबई इलाख्यानें एकदां स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं मुंबईंतील चांगल्या फर्निचरचा मोठा आधार ब्रह्मदेशचा साग होता. ८ मार्च १९४२ रोजीं रंगून जपान्यांच्या हातीं पडलें आणि तो आधार तुटला. त्याच वेळीं लष्कराला खाटा, टेबलें, पेट्या, छावण्यांचीं लांकडें व रेल्वेचे स्लीपर हवे होते, म्हणून देशांतील जंगलांवर कुऱ्हाड जोरानें चालूं लागली. लांकूड नाहीं तर लोखंडी कपाट करावें, तर तेथेंही वाट मोकळी नव्हती. हिंदुस्थान संरक्षण नियमांच्या आधारें १९४१ सालीं लोखंड व पोलाद यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला होता आणि परवान्याशिवाय माल घेणें-देणें बंद झालें होतें. लष्कराची मागणी आधीं भागली पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु मागें राहिलेला थोडका माल कोणाच्या घरीं जावा, गरिबाची खाट कोणत्या भावानें विकली जावी, याचा विचार करणारें कोणी होतें काय? हुकूम होते, परवाने होते, दंड होते. योजना मात्र नव्हती. जेथें टंचाई आहे, हुकूम आहे आणि योजना नाहीं, तेथें काळा बाजार फोफावल्याशिवाय राहत नाहीं, आणि तो फोफावलाच.

त्याच सालीं इंग्लंडांत काय चाललें होतें तें पाहावें. तेथेंही लांकडाचा तुटवडा होता आणि बाँबवर्षावानें घरें जमीनदोस्त झालीं होतीं. व्यापारमंत्री ह्यू डाल्टन यांनीं १९४२ सालीं जाणत्या लोकांची एक समिति नेमली. तींत गॉर्डन रसेल यांच्यासारखे, हाताला लांकडाची ओळख असलेले कारखानदार होते. थोडक्या वस्तूंचे ठराविक नमुने पक्के झाले आणि १९४३ च्या आरंभीं त्यांचें चित्रांसह सूचीपत्र निघालें. नक्षी नाहीं, डौल नाहीं. परंतु सांधा कुसू-खांचेचा, भक्कम. नेमलेल्या कारखान्यांनींच तो माल करावा, ठरलेल्या किंमतींतच विकावा, आणि तो प्रथम कोणाला मिळावा? नवविवाहित जोडप्यांना आणि ज्यांचीं घरें बाँबनें गेलीं त्यांना. प्रत्येक पात्र कुटुंबास प्रथम ६० युनिटें मिळत, टंचाई वाढतांच तीं ३० वर आलीं. धनिकाला जास्त पैसे टाकून रांग मोडतां येत नव्हती. ही व्यवस्था लढाई संपल्यावरही कांहीं वर्षें चालली व १९५२ सालीं बंद झाली. दुसरीकडे हाय विकम येथील खुर्च्या करणारे कारखाने मॉस्किटो या लांकडी विमानाचे भाग जोडीत होते. म्हणजे एकाच धंद्यानें आकाशांतली लढाईही चालविली आणि संसारही उघडे पडूं दिले नाहींत.

यावरून इंग्रज जात्याच शहाणा व आम्ही जात्याच आळशी, असा अर्थ कोणी काढूं नये. तेथील मंत्र्याला आपल्या मतदारांस तोंड दाखवावयाचें होतें. येथील अधिकाऱ्याला फक्त लंडनला हिशेब द्यावयाचा होता. आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४० च्या डिसेंबरांत बंगळुरास विमानांचा कारखाना काढला. पण दोन वर्षांत तो सर्वस्वीं सरकारच्या ताब्यांत गेला आणि युद्धाच्या उत्तरार्धांत तेथें मुख्यतः दुरुस्तीचेंच काम चाललें. हातांत कसब होतें, भांडवल होतें, हिंमतही होती. नव्हतें तें स्वतःचें सरकार.

तरीही सगळें खापर परक्यांवर फोडून आपण मोकळे होणें हा पुरुषार्थ नव्हे. त्याच पारतंत्र्यांत जेथें कोणी आधीं तयारी केली तेथें फळ आलें. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम यांनीं १९३३ च्या सुमारास लांकूड कीड व बुरशी यांपासून राखणारें एक रसायन सिद्ध केलें. पुढें त्याचा उपयोग जगभर झाला. हलक्या समजल्या गेलेल्या लांकडाला टिकाऊपणा देण्याची ही विद्या आमच्याच माणसानें शोधली, हें किती सुतारांना ठाऊक आहे? चहाच्या पेट्यांसाठीं लागणारें प्लायवुड पूर्वीं मोठ्या प्रमाणावर बाहेरून येई. युद्धानें तें अडलें तेव्हां येथील कारखाने वाढले. अर्देशिर गोदरेज यांनीं वकिली सोडून प्रथम शस्त्रक्रियेचीं हत्यारें करावयास घेतलीं. त्यांवर हिंदुस्थानांत तयार झाल्याचा शिक्का असावा, एवढाच त्यांचा आग्रह होता. गिऱ्हाइकानें तो मानला नाहीं, तेव्हां त्यांनीं तो धंदाच सोडला, शिक्का सोडला नाहीं. १८९७ सालीं त्यांनीं लालबागेंत कुलुपें करावयास आरंभ केला आणि १९२३ सालीं त्याच कारखान्यांतून पोलादी कपाटें बाहेर पडूं लागलीं. त्या तयारीचा उपयोग राष्ट्राला केव्हां झाला? स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं ठरली तेव्हां. तुर्भ्यासमोरच्या खाडीपलीकडे विक्रोळीच्या कारखान्यांत १२ लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. ज्या हातांना कपाटाचा पत्रा वांकविण्याची संवय होती, त्यांनींच लोकशाहीची पेटी घडविली. नमुना एक, मागणी वेळेवर, माल चोख. एवढ्या तीन गोष्टी जुळल्या कीं आमचा कारागीर मागें हटत नाहीं.

आतां सरकार आपलें आहे. म्हणजे जुनी सबब संपली. २०२० सालच्या महामारीनें आम्हांस युद्धाची रंगीत तालीमच दाखविली. वाशीस सिडकोच्या प्रदर्शन केंद्रांत हजाराच्या घरांत खाटांचें रुग्णालय उभारावें लागलें, आणि त्याच दिवसांत टाळेबंदीमुळें पोटाचे हाल झालेले परप्रांतीय सुतार, पॉलिशवाले व हमाल मिळेल त्या वाटेनें गांवीं निघाले. खाटेची गरज शिगेला पोंचली तेव्हां खाट करणारा हात रस्त्यावर होता! तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आम्ही आणखी किती वेळां करणार आहोंत?

म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवितों. पहिली, नमुन्यांची. शाळेचें बांक, रुग्णालयाची खाट, कचेरीचें टेबल आणि बेघर कुटुंबाला लागणारा मोजका संच, यांचे नमुने शांततेंतच ठरवून ठेवावे. १९४७ च्या जानेवारींत स्थापन झालेल्या मानक संस्थेचा वारसा चालविणारा भारतीय मानक ब्यूरो आपल्याकडे आहेच. त्याचे नियम आले कीं कपाळाला आठ्या घालण्याऐवजीं ते ठरत असतांनाच लहान कारखानदारांनीं आपलें म्हणणें मांडावें. दुसरी, लांकडाची. म्यानमारनें १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, हा इशारा पुरेसा नव्हता काय? कोंकणांत फणस आहे, आंबा आहे, ऐन आहे, किंजळ आहे. केरळांत चीक आटलेल्या रबराच्या झाडाचें लांकूड आहे. हें लांकूड नीट सुकविलें व रसायनानें राखलें तर तें घरोघर चालण्याजोगें आहे. एकट्या गाळेवाल्याला सुकविण्याची भट्टी परवडणार नाहीं. दहाजणांनीं सहकारानें घातली तर परवडेल. तिसरी, माणसांची. ज्या कारागिराला निवारा, नियमित वेतन व शिक्षण नाहीं तो संकटांत तुमच्याजवळ कां राहील? सुतारकी ही एका जातीची वडिलोपार्जित जिनगी आहे हा समज टाकून ती शाळेंत शिकविली गेली पाहिजे, आणि ती शिकण्यास मुलींनाही आडकाठी असतां कामा नये.

चौथी गोष्ट गिऱ्हाइकांची आहे, आणि ती आम्ही जरा स्पष्टच बोलणार. लढाईच्या ऐन भरांत इंग्लंडांतील नव्या जोडप्यानें साधा पलंग व साधें कपाट घेऊन संसार थाटला आणि त्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं. आमच्याकडे भरल्या शांततेंत मुलीचा बाप कर्ज काढून कोरीव पलंग, आरशाचें कपाट व गुबगुबीत कोच जांवयाच्या दारांत उतरवितो आणि त्याला रीत म्हणतो. १९६१ सालीं हुंडाबंदीचा कायदा झाला. आमचीं वीस वर्षें कायद्याच्या सहवासांत गेलीं आहेत, म्हणून सांगतों कीं "खुशीची भेट" या दोन शब्दांआड तो कायदा रोज मोडला जातो. जो समाज शांततेंत दिखाव्यासाठीं लांकूड उधळतो, तो टंचाईंत शेजाऱ्यासाठीं रांगेंत उभा राहील हें संभवत नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं सर्वांचें सामान एकाच ठशाचें झालें तर कला मरेल. पण अमेरिकेंत चार्ल्स व रे ईम्स या दांपत्यानें १९४२ सालापासून जखमी खलाशांच्या पायांसाठीं वांकविलेल्या प्लायवुडच्या पट्ट्या केल्या, आणि युद्ध संपतांच त्याच विद्येंतून त्यांच्या जगप्रसिद्ध खुर्च्या निघाल्या. संकटानें कला मरत नाहीं, तिची चरबी झडते. दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा: "भाव बाजार ठरवितो, आम्ही काय करावें?" त्यांस आमचें नम्र सांगणें आहे कीं जीवनावश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा पुस्तकांत आहे, आणि सरकारनें नियंत्रणाचा दांडका उचलला कीं त्यांत साव व चोर दोघेही चेपले जातात. तो प्रसंग टाळावयाचा असेल तर साठ्याची व नफ्याची मर्यादा आपल्याच संघानें आधीं ठरवावी आणि आपल्याच माणसावर ती आधीं चालवावी.

लढाई आमच्या दाराशीं येऊं नये, अशीच आमची इच्छा आहे. पण ती येणार नाहीं असें धरून बसणारा व्यापारी आणि ती आल्यावर धांवणारें सरकार, या दोघांचीही किंमत शेवटीं जमिनीवर निजणारा आजारी मोजतो. तुर्भ्याच्या कारखानदारांनीं या वर्षीं एकत्र बसून एका खाटेचा व एका बांकाचा जरी नमुना पक्का केला आणि एक सामाईक भट्टी जरी पेटविली, तरी पुढच्या पिढीस त्यांचें नांव घेण्यास कारण राहील.