टाकीत औषध ओतण्याआधी पाणी काढा

आजचा विषय जरा चिकट आणि वासाचा आहे: बोटीच्या डिझेल टाकीत वाढणारे जंतू. कोड लिहिणाऱ्या माणसाला याचं काय पडलंय, असं वाटेल. पण इथे लोक जे करतात ते मी ऑफिसात रोज बघतो. सर्व्हर अडकला की रीस्टार्ट मारायचा, का अडकला ते कुणी विचारायचं नाही. तसंच बोटीवर फिल्टर चोक झाला की नवा फिल्टर. पुन्हा चोक झाला की "डिझेलच खराब दिलंय" म्हणून सोसायटीला शिव्या. तिसऱ्यांदा झाला की कुणीतरी शहाणा सुचवतो, टाकीत औषध ओत.

माझं म्हणणं, तिन्ही उपाय चुकीच्या जागी आहेत. रोग पाण्यात आहे.

आधी एक गैरसमज. फिल्टरवरच्या त्या काळ्या-तपकिरी बुळबुळीत थराला बरेच जण 'शेवाळ' म्हणतात. शेवाळाला उजेड लागतो. टाकीत मिट्ट काळोख. तिथे असतात ते जिवाणू, यीस्ट आणि बुरशी. 'हॉर्मोकोनिस रेझिने' नावाची एक बुरशी तर रॉकेलसारख्या इंधनावर वाढण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. हे सगळे खातात डिझेल, पण राहतात पाण्यात. टाकीच्या तळाशी पाण्याचा पातळ थर साचला, की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे यांची वसाहत उभी राहते. डिझेल कितीही असो, मोकळं पाणी नसेल तर वाढ जवळजवळ थांबते.

आता ते पाणी येतं कुठून? सोसायटीला शिव्या देण्याआधी गणित करू. भारतीय मानकानुसार डिझेलमध्ये किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. हजार लिटर डिझेल म्हणजे साधारण ८३० किलो, म्हणजे पाणी फार तर १६६ ग्रॅम. जेमतेम पेलाभर, आणि तेही बहुतेक विरघळलेलं. तुमच्या टाकीतून बादलीभर पाणी निघत असेल तर ते मानकातल्या डिझेलमधून आलेलं नाही. पंपाच्या टाकीत पाणी शिरलेलं असू शकतं, मान्य. मग भरण्याआधी डिपच्या काठीला पाणी शोधायची पेस्ट लावून बघायला सांगा. पण आपल्या टाकीचं सैल झाकण, डेकवर उघडणारा व्हेंट आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं होणारं पाणी, याचा हिशोब कोण करणार?

आपल्या किनाऱ्यावर तर याची दरवर्षी सोय केलेली आहे. पावसाळी बंदीत जून-जुलै बोटी उभ्या. हवा दमट, टाकी अर्धवट भरलेली, इंजिन बंद. जंतूंना याहून चांगली सुट्टी मिळणार नाही :-) आत समुद्राचं पाणी गेलं असेल तर त्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो सडक्या अंड्याचा वास त्याचाच, आणि टाकीचं पोलादही तोच खातो. मग ऑगस्टात बोट बाहेर पडते, समुद्र खवळलेला असतो, हेलकाव्यांनी तळाचा गाळ ढवळून वर येतो आणि फिल्टर चोक होतो. म्हणजे इंजिनाची सर्वांत जास्त गरज असताना ते बंद पडतं. तांडेल आणि खलाशी वाऱ्यावर. हा प्रश्न फिल्टरच्या किमतीचा उरत नाही.

"म्हणूनच तर औषध टाकतो ना!" असं म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली: मेलेले जंतू कुठे जात नाहीत. भिंतीवरचा थर सुटतो आणि फिल्टरवर येऊन बसतो. औषधानंतर टाकी साफ केली नाही तर तुम्ही स्वतःच फिल्टर चोक केलात. दुसरी: मात्रा. २६ फेब्रुवारी २०२० ला लंडनच्या गॅटविकहून निघालेल्या एअरबस ए३२१ ची दोन्ही इंजिनं उड्डाणानंतर कुरकुरू लागली. विमान कसंबसं सुखरूप उतरलं. चौकशीत निघालं की देखभालीत टाकीत जंतुनाशक शिफारशीच्या ३८ पट पडलं होतं; घोटाळा 'पीपीएम'च्या हिशोबात. त्याच वर्षी उत्पादकाने विमानांच्या इंधनासाठी ते औषध मागे घेतलं. हजार लिटरला १०० पीपीएम म्हणजे १०० मिलिलिटर. हे प्रशिक्षित लोकांकडून चुकतं, तर बंदरावर बाटली अंदाजाने उपडी करणाऱ्यांचं काय? आणि मात्रा कमी पडली तर काही जंतू तगतातच.

मग करायचं काय? मोजायचं. तळाचा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. खाली पाणी आणि मध्ये जाळीसारखा थर दिसला तर निदान झालं, खर्च शून्य. पुढची पायरी हवी असेल तर जेलमध्ये नमुना घालून तीन-चार दिवसांत वसाहती मोजता येतात. कोविडच्या घरगुती चाचणीसारख्या पट्ट्या काही मिनिटांत उत्तर देतात. नमुना मात्र तळाचाच. वरचं डिझेल चकचकीत असतंच.

बंदीआधी टाकी काठोकाठ भरा. पैसे अडकतात म्हणाल, तर पूर्ण रिकामी करून साफ आणि कोरडी ठेवा, अर्धवट नको. हंगामात दर आठवड्याला ड्रेन कॉक उघडा. औषध शेवटी, मोजून, आणि हातमोजे घालून.

माझी तक्रार सोसायट्या आणि मत्स्य खात्याकडेही आहे. डिझेलच्या कर-परताव्यासाठी बिलांची चळत लागते, पण टाकीच्या तळाची एक बाटली कुणी मागत नाही. प्रत्येक सोसायटीत एक चाचणी-संच ठेवायला असा किती खर्च येणार आहे? बायोडिझेल जास्त पाणी धरून ठेवतं आणि जंतूंना पचायलाही सोपं. २०३० पर्यंत डिझेलमध्ये ते ५ टक्के मिसळायचं सरकारी उद्दिष्ट आहे. म्हणजे हा त्रास वाढणार, कमी होणार नाही.

असो. या जुलैअखेर एकदा बाटली भरून बघा. तळाशी पाणी निघालं नाही तर मला खुशाल शिव्या घाला.