गाणे संपल्यावर गाडी कुठली?

‘गाणं ऐक बाई, पण परत येशील कशी?’

आईच्या या प्रश्नाचा मला त्या दिवशी रागच आला होता. आम्ही वर्गातल्या सहा जणांनी, चार मुली आणि दोन मुलगे, नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यात उघड्यावर होणाऱ्या मैफलीला जायचे ठरवले होते. कोण कोण गाणार हे पाठ झाले होते, डब्यात काय न्यायचे तेही ठरले होते. परत कसे यायचे एवढेच ठरले नव्हते. आज वाटते, त्या आठवडाभरात शहाणपणाचे बोलणारी आमच्यात एकटी आईच होती.

द्राक्षमळ्यातील मैफल ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या मळ्यांत २००८ पासून ‘सुलाफेस्ट’ भरू लागला. २०२० नंतर काही वर्षे तो थांबला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा भरला. थंडीचे दिवस, आजूबाजूला वेली आणि समोर खुला रंगमंच! असे गाणे एकदा तरी ऐकावे, असे कुणाला वाटणार नाही?

नकाशात पाहिले तर पालघर आणि नाशिक हे शेजारी जिल्हे. पण आपली गाडी पश्चिम रेल्वेची आणि नाशिकची मध्य रेल्वेची. डहाणू-नाशिक रेल्वेची मागणी जुनी असली तरी रूळ अजून पडलेले नाहीत. म्हणून आधी उलटे वसईला किंवा दादरला जायचे, गाडी बदलायची आणि नाशिकरोडला उतरायचे. ते स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि मळे दुसऱ्या टोकाला. त्यापेक्षा मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर हा एस.टी.चा रस्ता सरळ. दिवसा जाणे काहीच कठीण नाही. कठीण आहे ते येणे.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवसांना तेवढी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. म्हणजे दहाला गाणे संपणार. त्या वेळी मळ्यातून निघून आमच्याकडे येणारी एस.टी. आम्हांला कुठल्याच वेळापत्रकात सापडली नाही. खाजगी जीप करावी, तर दिवसभर गाडी हाकून थकलेला ड्रायव्हर मध्यरात्री तोरंगणचा घाट उतरवणार. त्यातून मैफल द्राक्षमळ्यातली! वाइन प्यायचे आमचे वय नाही, पण रस्त्यावरच्या इतर गाड्यांचे काय? शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर वाहन चालवणे गुन्हा आहे. कायदा चांगला आहे, परंतु कायदा कुणाला घरी पोचवत नाही.

मग आमची गळती सुरू झाली. पहिल्याच दिवशी दोन मुली गळल्या. तिसरी मी. चौथी म्हणाली, ‘तुम्ही नाही तर मी एकटी कशी जाऊ?’ उरलेल्या दोघांना जीपचे भाडे परवडेना. शेवटी कुणीच गेले नाही. तिकिटाच्या पैशांसाठी आम्ही महिनाभर काटकसर केली होती. तिकिटाने आमचे दार अडवलेच नाही, ते अडवले परतीच्या गाडीने. आणि ते सगळ्यांत आधी मुलींसाठी बंद झाले, हे विसरता येत नाही.

पूर्वीच्या रसिकांपुढे ही अडचण एवढी नसावी. आपल्या जिल्ह्यात तारप्याचा नाच रात्रभर चालतो, पण नाचणाऱ्यांचे घर पायी गाठण्याएवढे जवळ असते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे रात्र-रात्र रंगत असे. पहाटे भैरवी ऐकून उठलेल्या श्रोत्याला सकाळची पहिली गाडी मिळे. आता नियमाने रात्र मधोमध कापली आहे. नियम वाईट आहे असे मी म्हणत नाही. आजाऱ्याला झोप हवी, परीक्षार्थीला शांतता हवी. पण दहा वाजता उठवलेल्या श्रोत्याने पहाटेपर्यंत कुठे बसावे, याचा विचार कुणी करायचा?

काही जण म्हणतील, ‘ही चैन आहे. गाणे मोबाइलवरही ऐकू येते.’ येते, मान्य आहे. पाठ्यपुस्तकही घरी वाचता येते. तरी आपण कॉलेजात येतोच ना? माझे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करतात. रात्री पाळी सुटते तेव्हा त्यांच्या कारखान्याच्या दाराशी बस उभी असते, कारण मालकाला उद्या तोच कामगार हवा असतो. स्त्रियांना रात्रपाळीला बोलवायचे तर त्यांची ने-आण मालकाने करावी, अशी अट सरकारच घालते. कामाला जाणाऱ्या बाईची जी काळजी घेतली जाते, ती गाणे ऐकायला जाणाऱ्या मुलीची का घेऊ नये? विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला एस.टी. जादा गाड्या सोडते. हजारो माणसे एके ठिकाणी जमणार आणि परत जाणार, हे तिथे गृहीत धरलेले असते. मैफल हीदेखील रसिकांची जत्राच नव्हे काय?

माझे म्हणणे एवढेच, की परतीची सोय हा मैफलीचाच भाग मानला जावा. आयोजकांनी तिकिटासोबत परतीच्या बसची जागाही विकावी, किंवा मैफल दुपारी सुरू करून दिवेलागणीला संपवावी. पण आयोजकांकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. एस.टी. ‘प्रासंगिक करारा’वर पूर्ण बस देते, लग्नाच्या वऱ्हाडाला आपण ती घेतोच. आपल्या वाङ्मय मंडळाने तशी एक बस ठरवावी. बोईसरला सुटावी, पालघर, मनोर, विक्रमगड, जव्हार येथे विद्यार्थी घ्यावेत. सोबत दोन प्राध्यापक असावेत, त्यांत एक मॅडम. रात्री घाटात उतरण्याऐवजी त्र्यंबकेश्वरला एखाद्या धर्मशाळेत मुक्काम करावा आणि सकाळी निघावे. चाळीस जणांत वाटला तर खर्च सहाजणांच्या जीपइतका जड जाणार नाही.

पुढच्या हिवाळ्यासाठी मी यादी करायला घेतली आहे. पहिल्या पानावर गायकांची नावे नाहीत, परतीची वेळ आणि थांबे आहेत. ती यादी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘मग जा की!’